नवीन अँटिबायोटिक 'जुन्यापेक्षा वाईट नाही' एवढ्यावर पास?

पिंपळपान
मंडळी, मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट 'पास' कशी होते याचं जरा जास्तच कुतूहल.

संभाजीनगरच्या वोक्हार्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातून आलेल्या सेफेपिम-झिडेबॅक्टम या इंजेक्शनची बातमी २०२५ मध्ये आली होती, बऱ्याच जणांनी वाचली असेल. ५३० पेशंट, मूत्रमार्गाचा गुंतागुंतीचा संसर्ग, तुलना मेरोपेनेम या आधीपासून वापरात असलेल्या अँटिबायोटिकशी. नवीन औषधाला ८९ टक्के यश, मेरोपेनेमला ६८.४. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण मग या विषयावर वाचत गेलो आणि दोन गोष्टी डोक्यात अडकल्या.

एक, हॉस्पिटलात माणसं दगावतात ती व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाने नाहीतर रक्तात जंतू पसरल्याने. मग जो तो परीक्षा लघवीच्या संसर्गावर का घेतो?

दोन, बहुतेक चाचण्यांत नवीन औषध 'सरस' आहे असं दाखवायचंच नसतं. 'ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त वाईट नाही' इतकं दाखवलं की झालं. आमच्याकडे एखाद्या सप्लायरने असं म्हटलं तर त्याला गेटवरूनच परत पाठवू.

आमच्या आत्याला गेल्या वर्षी आयसीयूत कोलिस्टिन हे जुनं अँटिबायोटिक चालू होतं. संसर्ग आटोक्यात आला, पण क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) चढलं. त्यामुळे प्रश्न अगदीच पुस्तकी नाही. जाणकारांनी लिहा.

गप्पिष्ट
रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येईपर्यंत अजाणकारांनी गोंधळ घालून घ्यावा.

संख्यासूर
क्लिनिकल ट्रायलच्या आकडेमोडीत माझी हयात गेली, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो.

औषधाचा खरा कस साध्या सलाइनसमोर लागतो. पण रक्तात जंतू असलेल्या माणसाला साधं सलाइन कोण देणार? १९४८ साली निकाल छापून आलेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयावरच्या चाचणीत एका गटाला ते दिलं आणि दुसऱ्याला फक्त अंथरुणात विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ गेले, विश्रांतीवाल्या ५२ पैकी १४. तेव्हा हे खपलं, कारण औषध इतकं कमी होतं की ते सगळ्यांना पुरणारच नव्हतं. आज तसा पर्याय नाही. म्हणून चालू औषधासमोर नवं उभं करायचं आणि आधीच ठरवायचं की कितपत कमी पडलं तरी चालेल. मूत्रमार्गाच्या चाचणीत सहसा १० टक्के. न्यूमोनियात काही चाचण्यांनी १२.५ घेतलेत, आणि ते मृत्यूदराच्या बाबतीत!

आता तुमच्यासारख्या क्वालिटीवाल्याला झोप लागणार नाही अशी गोष्ट सांगतो. सरस ठरायचं असेल तर चाचणी काटेकोर करावी लागते. 'वाईट नाही' एवढंच दाखवायचं असेल तर ढिसाळपणा कंपनीच्या पथ्यावर पडतो. ज्यांना संसर्गच नव्हता असे पेशंट घ्या, सोबत तिसरं अँटिबायोटिक चालू ठेवा, अर्धे डोस चुकवा, दोन्ही गट आपोआप सारखे दिसायला लागतात. म्हणून निकालाआधी मी बघतो ते कोणाला घेतलं आणि सोबत आणखी काय चालू होतं.

पिंपळपान
@संख्यासूर, म्हणजे गेज जितका झिजलेला तितका माल पास! हे भयंकर आहे.

निळूभाऊ
भयंकर काय त्यात, हाच तर धंदा. चाचणीचा पैसा कंपनीचा, आकडे कंपनीचे, पेपर कंपनीचा. टेलिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक आठवतंय का कोणाला? २४ हजार पेशंटचा अभ्यास म्हणून गाजावाजा झाला. एका डॉक्टरीणबाईंनी नसलेले पेशंट दाखवले म्हणून त्या तुरुंगात गेल्या. तरी २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी. पुढे यकृतं निकामी व्हायला लागली आणि २००७ मध्ये तीनपैकी दोन आजारांवरची परवानगी काढून घेतली. आपण टाळ्या वाजवायच्या.

डॉ. रातपाळी
नुकतीच ड्यूटी संपवून आलेय, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला.

निळूभाऊ, राग समजतो, पण तो बनाव पकडला एफडीएच्याच, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रकाच्याच तपासनीसांनी. असो, मूळ प्रश्न लघवीचा.

बरीचशी अँटिबायोटिक्स मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे लघवीत औषध साचतं, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. तिथे जिंकणं तुलनेने सोपं. शिवाय पेशंट बोलत असतो, चाचणीच्या संमतीवर सही स्वतः करतो, नमुना मिळवायला दुर्बीण घालावी लागत नाही आणि जंतू बहुधा सापडतोच.

आता व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया बघा. एक्स-रेवर डाग दिसतो. तो जंतूचा, पाण्याचा की फुप्फुस बसल्याचा? सकाळच्या राउंडला तीन डॉक्टर तीन मतं देतात. ट्यूबमधल्या स्रावात जंतू निघाला तरी तो नुसता मुक्कामाला आहे की आजार करतोय हे नक्की नसतं. पेशंट गुंगीत, सही मुलाची, मुलगा नाशिकहून निघालेला. तो येईपर्यंत दोन अँटिबायोटिक्सचे दोन-दोन डोस गेलेले असतात, आणि आधी डोस गेलेला पेशंट बहुतेक चाचण्यांना चालत नाही. प्लाझोमायसिन नावाच्या औषधाची गंभीर, प्रतिरोधक संसर्गावरची चाचणी अशीच रखडली. दोन हजारांवर पेशंट तपासले, घेता आले ३९.

म्हणजे लघवीवर परीक्षा घेतात कारण ती घेता येते. ती पास झाली म्हणून फुप्फुसात चालेल हे गृहीत धरू नका. डॅप्टोमायसिन हे त्याचं उत्तम उदाहरण. त्वचेच्या संसर्गावर चाललं, रक्तातल्या स्टॅफ जंतूवर चाललं, न्यूमोनियात आपटलं. कारण फुप्फुसाच्या कप्प्यांना आतून जो स्निग्ध थर असतो, सर्फॅक्टंट, तो या औषधाला बांधून निकामी करतो. टायगेसायक्लिन हे अँटिबायोटिकही न्यूमोनियात असंच आपटलं. २००५ मध्ये मंजुरी, मग व्हेंटिलेटर न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये टायगेसायक्लिनवर १९.१ टक्के मृत्यू आणि तुलनेच्या औषधावर १२.३. २०१३ मध्ये लेबलवर धोक्याच्या इशाऱ्याची काळी चौकट आली.

शेंगदाणा_चटणी
वाचनखूण साठवली. 'मुलगा नाशिकहून निघालेला' हे वाचून माझा मुलगा बेंगळुरूत आहे ते आठवलं. आजच सह्या करून ठेवते.

सूक्ष्मदर्शी
डॉक्टरांनी सुरुवात करून दिलीच आहे तर लॅबची बाजू.

लोकांना वाटतं की कल्चर रिपोर्टवर (जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) 'एस', म्हणजे जंतू औषधाला दाद देतो, असं आलं म्हणजे औषध चालणार. 'एस' येतं कसं ते सांगते. बशीत म्युलर-हिंटन अगार, त्यावर जंतूंचा एकसारखा थर, वर औषधाच्या छोट्या चकत्या. रात्रभर ३५ अंशाला. सकाळी चकतीभोवती जी स्वच्छ वर्तुळं दिसतात त्यांचा व्यास पट्टीने मोजायचा. ई. कोलाय या जंतूसाठी मेरोपेनेमचं वर्तुळ २३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर एस, १९ किंवा कमी तर आर (दाद देत नाही). मधल्याला आय (अधलंमधलं). संध्याकाळी फोन येतो, "मॅडम, २२ आहे ना, एस लिहा की." नाही लिहीत.

आता या बशीचा आणि माणसाचा संबंध किती? २०१८ ची मेरिनो चाचणी बघा. रक्तात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला हे जंतू, सेफट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकला दाद न देणारे, पण लॅबच्या हिशेबात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला 'एस'. निम्म्यांना ते दिलं, निम्म्यांना मेरोपेनेम. ३० दिवसांत पिपरासिलिनवाल्या १८७ पैकी २३ गेले, मेरोपेनेमवाल्या १९१ पैकी ७. चाचणी मधेच थांबवावी लागली.

आणि कोलिस्टिन, पिंपळपान. त्याला अमेरिकी मानकांत २०२० पासून 'एस' हा वर्गच नाही. फार तर आय. आत्याच्या जुन्या रिपोर्टवर एस छापलेलं असेल तर नवल नाही, पण शब्दशः घेऊ नका.

टवाळ_मास्तर
बशीत जंतू मेला, माणसात जंतू मेला नाही, फाइलमध्ये मात्र सगळे एस. सरकारी खात्यासारखंच की हो.

संख्यासूर
@सूक्ष्मदर्शी, मेरिनोला दुसरी बाजू आहे. नंतर ते जंतू जास्त काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासले. त्यातले बरेच पिपरासिलिनला खरे 'एस' नव्हतेच. ते वगळल्यावर फरक कमी झाला. शिवाय गेलेल्यांत कॅन्सरसारख्या मोठ्या आजारांचे पेशंट बरेच होते.

सूक्ष्मदर्शी
मान्य. पण हॉस्पिटलला जो रिपोर्ट जातो तो नंतरचा काटेकोर नव्हे, पहिलाच जातो. डॉक्टर औषध त्यावरच देतात. म्हणून माझ्या दृष्टीने मूळ निकालच कामाचा.

वॉर्डातली_सिस्टर
एवढे मोठे लोक बोलताहेत, मी काय लिहिणार. पण एक सांगते. चाचणीत मेरोपेनेम तीन तास सावकाश सोडलं असं लिहिलेलं असतं. वॉर्डात पंप किती आणि पेशंट किती? पंप रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रिनलिनला लागलेला असतो. मग मेरोपेनेम अर्ध्या तासात बाटलीतून. औषध तेच, पण चाचणीतलं आणि आमच्याकडचं एक म्हणता येईल का?

रक्ताच्या कल्चरचंही तसंच. मोठ्या माणसाला एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. नस मिळत नाही, नातेवाईक ओरडतात "किती रक्त काढता", ३ मिलीवर भागवलं जातं. कधी पहिला डोस जाऊन तास झालेला असतो. रिपोर्ट येतो 'वाढ नाही' आणि सगळ्यांना वाटतं संसर्गच नाही.

डॉ. रातपाळी
सिस्टर, "मी काय लिहिणार" म्हणत धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद दिलात. तीन तासांचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. २०२४ मध्ये ब्लिंग-३ नावाची मोठी चाचणी आली, सात हजारांवर आयसीयू पेशंट. ठरावीक वेळेला डोस विरुद्ध दिवसभर सलग थेंब-थेंब. ९० दिवसांत मृत्यू २६.८ विरुद्ध २४.९ टक्के. सलगकडे कल दिसतो, पण निर्विवाद नाही.

औषधालय_सातारा
केमिस्ट म्हणून चार ओळी. मेरोपेनेम, तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन वगैरे २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांत आहेत. चिठ्ठीची नोंद वेगळ्या रजिस्टरात, तीन वर्षं जपायची. गिऱ्हाइकाला त्याचं काही नसतं. "काल दिली होती तीच द्या" म्हणतो. नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात. हॉस्पिटलातले जंतू एवढे माजले त्यात बाहेरचा हा हात मोठा आहे. नवीन औषध कितीही चाचण्या पास होऊ दे, दोन वर्षांत त्याचीही वाट लावू आपण.

जुना_पिंपरीकर
अवांतर आहे, माफी असावी. पेनिसिलिन म्हटलं की आमची एच.ए. कंपनी. १९५४ ची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला. तिथेच हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं. वडील तिथे नोकरीला होते, आंबवण्याच्या टाक्यांचा वास त्यांच्या शर्टाला यायचा. आता संभाजीनगरचं नाव वाचून बरं वाटलं.

गप्पिष्ट
अवांतर कसलं, धाग्यातला एकमेव सुगंधी प्रतिसाद.

निसर्गोपचार_२१
एवढी रसायनं घालण्यापेक्षा गुळवेलीचा काढा...

टवाळ_मास्तर
काढ्याचं वर्तुळ किती मिलिमीटर ते सूक्ष्मदर्शीताईंना विचारा आधी.

प्राजक्ता_लीड्स
इकडे इंग्लंडात २०२२ पासून वेगळाच प्रयोग चालू आहे. सेफिडेरोकॉल आणि सेफटाझिडिम-अॅव्हिबॅक्टम या दोन औषधांसाठी सरकार कंपन्यांना वर्षाची ठरावीक रक्कम देतं, प्रत्येकी १ कोटी पौंडांपर्यंत. किती बाटल्या वापरल्या याच्याशी पैशांचा संबंध नाही. कारण चांगलं अँटिबायोटिक कपाटात ठेवायचं असतं, आणि कपाटात राहिलं तर कंपनी बुडते. डॉक्टरांनी वर ज्या प्लाझोमायसिनचं नाव घेतलं त्याची कंपनी २०१८ मध्ये मंजुरी मिळून २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

निळूभाऊ, कंपन्यांवरचा राग ठीक आहे, पण बहुतेक मोठ्या कंपन्या या क्षेत्रातून कधीच निघून गेल्यात. उरलेल्याही गेल्या तर आत्याला कोलिस्टिनच मिळत राहणार.

निळूभाऊ
कंपन्या बुडाव्यात असं कुठे म्हणालो? आकडे पूर्ण दाखवा म्हणतोय. सेफिडेरोकॉलचं नाव काढलंतच तर त्याचीच कुंडली मांडतो.

लघवीच्या चाचणीत इमिपेनेम या जुन्या अँटिबायोटिकला चारी मुंड्या चीत, ७३ विरुद्ध ५५ टक्के. त्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी. हॉस्पिटलच्या न्यूमोनियात मेरोपेनेमशी बरोबरी, १४ दिवसांत मृत्यू १२.४ विरुद्ध ११.६. आणि ज्यांच्यासाठी खरं तर हे औषध बनवलं, म्हणजे कार्बापेनेमलाही (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांनाही) न जुमानणारे जंतू असलेले अतिगंभीर पेशंट, तिथे सेफिडेरोकॉलवाल्या १०१ पैकी ३४ गेले आणि हाताशी होती ती जुनी औषधं घेतलेल्या ४९ पैकी ९. एकच औषध, तीन चाचण्या. सांगा, पास की नापास?

पिंपळपान
हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. डॉक्टर, हे खरं?

डॉ. रातपाळी
आकडे बरोबर आहेत. अर्थाबद्दल भांडण आहे.

ती तिसरी चाचणी, क्रेडिबल-सीआर, लहान होती. कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं. मृत्यूंमधला फरक मुख्यतः अॅसिनेटोबॅक्टर या जंतूच्या पेशंटमध्ये होता, आणि त्यात शॉकमधले, आयसीयूतले पेशंट सेफिडेरोकॉलच्या वाट्याला जास्त आले होते. दुसरं म्हणजे अशा पेशंटमध्ये जुन्या औषधांवर फक्त १८ टक्के मृत्यू? कोलिस्टिनची २०१८ ची एडा चाचणी काढा. ४०६ पेशंट, बहुतेकांना अॅसिनेटोबॅक्टर. एकट्या कोलिस्टिनवर २८ दिवसांत ४३ टक्के गेले, सोबत मेरोपेनेम जोडल्यावर ४५. म्हणजे जोड देऊनही काही हाती लागलं नाही. त्या मानाने क्रेडिबलमधला जुन्या औषधांचा गट फारच नशीबवान निघाला.

तरी अमेरिकेच्या लेबलवर मृत्यूदराची सूचना आहे आणि ती असायलाच हवी. मी स्वतः अॅसिनेटोबॅक्टरला एकटं सेफिडेरोकॉल द्यायला कचरेन. क्लेब्सिएलाला, तेही एनडीएम (कार्बापेनेमही फोडणारं एन्झाइम) असलेल्या, दुसरं काही नसेल तर देईन.

निळूभाऊ
म्हणजे निकाल आवडला नाही की गट 'नशीबवान'. आवडला असता तर 'क्रांतिकारक'.

संख्यासूर
निळूभाऊंचा हा टोला मला मान्य आहे, डॉक्टर रागावोत. गट असमान पडला हे खरं, पण ते निकालानंतर शोधलं गेलं. नवीन औषधाच्या बाजूने लागला असता तर कोणी शोधलं नसतं.

पण निळूभाऊ, पहिल्या आकड्याचंही पोस्टमॉर्टेम करू. ७३ विरुद्ध ५५ मध्ये दोन अटी एकत्र आहेत. पेशंटला बरं वाटलं पाहिजे आणि लघवीतले जंतूही ठरावीक संख्येखाली गेले पाहिजेत. एक अट चुकली की 'अपयश'. २०२२ मध्ये टेबिपेनेम या तोंडी औषधाची चाचणी छापून आली, त्यात एकत्रित यश ५८.८ टक्के, तुलनेच्या इंजेक्शनचं ६१.६. नुसतं 'बरं वाटलं का' पाहिलं तर ९३.१ आणि ९३.६. म्हणजे अपयशी ठरलेल्यांतले बहुतेक जण घरी जाऊन जेवत होते, फक्त लघवीत जंतू परत दिसले होते. तेव्हा मथळ्यात टक्केवारी दिसली की आधी विचारायचं, कशाची? संभाजीनगरच्या ८९ टक्क्यांनाही हाच प्रश्न. फरक मोठा आहे हे नक्की, पण त्यात बरं वाटण्याचा वाटा किती आणि लघवीच्या कल्चरचा किती, ते सुटं करून बघा.

शेंगदाणा_चटणी
मला आता 'वाईट नाही' हेच चांगलं वाटायला लागलंय.

सूक्ष्मदर्शी
एक राहिलंच. जंतू कुठला, यावर सगळं आहे. अमेरिकेतल्या कार्बापेनेम-प्रतिरोधक क्लेब्सिएलात केपीसी नावाचं एन्झाइम बऱ्याच काळापासून जास्त. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८. प्राजक्ताने लिहिलेलं सेफटाझिडिम-अॅव्हिबॅक्टम केपीसीवर उत्तम, एनडीएमवर एकटं चालत नाही, सोबत अॅझट्रिओनम द्यावं लागतं. तिकडच्या चाचणीत पहिला आलेला इकडे नापास होऊ शकतो, आणि त्यात औषधाची काही चूक नसते.

सेफेपिम-झिडेबॅक्टमबद्दल मला उत्सुकता आहे ती याचमुळे. झिडेबॅक्टम नुसतं सेफेपिमला एन्झाइमपासून वाचवत बसत नाही, जंतूच्या भिंतीच्या बांधकामातलं दुसरंच प्रथिन स्वतः जाऊन धरतं. त्यामुळे एनडीएम असूनही बशीत वर्तुळ दिसतं. बशीत, म्हणतेय मी.

पिंपळपान
सगळ्यांचे आभार. परत मूळ मुद्द्यावर येतो. उद्या आयसीयूच्या दारात कोणी मला म्हणालं की "नवीन औषधाची चाचणी चालू आहे, सही करता का", तर मी काय विचारायचं?

डॉ. रातपाळी
माझ्या नात्यातला पेशंट असता तर मी पहिल्यांदा विचारलं असतं की दुसऱ्या गटाला काय मिळणार. ते औषध आमच्या वॉर्डात या जंतूवर चालतं का, की नवीन औषध चमकावं म्हणून समोर मेलेला घोडा उभा केलाय? मग विचारायचं, सुधारणा नाही दिसली तर कितव्या दिवशी बदलणार आणि ते कोण ठरवणार. किडनीची तपासणी किती दिवसांनी. आणि माहितीपत्रक मराठीत मागायचं. तुम्हाला समजेल अशा भाषेत ते देणं बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे. सही मधेच मागे घेता येते, त्याने उपचार थांबत नाहीत.

संख्यासूर
सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांकही विचारा. १५ जून २००९ पासून इथल्या चाचण्यांची आधी नोंद करणं सक्तीचं आहे. नेटवर टाकला की कोणाला घेणार, कोणाला नाही, यश कशाला म्हणणार, सगळं दिसतं. 'कोणाला नाही'चा रकाना नीट वाचा. किडनी बिघडलेले, पांढऱ्या पेशी कमी असलेले, शॉकमधले बहुधा तिथे सापडतील. तुमच्या आत्यासारखे.

निळूभाऊ
आणि चाचणी संपून वर्ष झालं तरी निकालाचा रकाना रिकामा असेल तर तेही बघा.

ते जाऊ द्या. पैसा कंपनीचा नसला तर कसे प्रश्न विचारले जातात त्याचं उदाहरण मीच देतो, नाहीतर म्हणाल नुसता कुरकुरतो. बॅलन्स चाचणी. रक्तात जंतू असलेले ३६०८ पेशंट, सात देश. नवीन औषध कुठलंच नाही, फक्त सात दिवस द्यायचं की चौदा. ९० दिवसांत मृत्यू सातवाल्यांत १४.५ टक्के, चौदावाल्यांत १६.१. निम्म्या औषधात काम झालं. कुठली कंपनी करेल हा अभ्यास?

औषधालय_सातारा
हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नका. ते आधीच तिसऱ्या दिवशी बंद करतात.

सूक्ष्मदर्शी
@निळूभाऊ, सात दिवसांचं ठीक, पण त्यातून स्टॅफिलोकोकस ऑरियसवाले वगळले होते. तो रक्तात सापडला तर चौदा दिवस कमीत कमी, हृदयाच्या झडपेवर बसला असेल तर सहा आठवडे.

निळूभाऊ
बघा, 'कोणाला नाही'चा रकाना मीही वाचला नव्हता म्हणायचं का? वाचला होता. लिहायचा कंटाळा केला.

वॉर्डातली_सिस्टर
पिंपळपानदादा, आत्यांचं क्रिएटिनिन आता किती आहे? कोलिस्टिननंतर चढलेलं बऱ्याच जणांचं उतरतं, पण वेळ लागतो. मध्ये गुडघेदुखीसाठी कोणी डायक्लोफेनॅकसारखं किडनीला जड जाणारं वेदनाशामक दिलं तर घेऊ देऊ नका.

पिंपळपान
ताई, १.४ वर आलंय. आणि गुडघ्यासाठी गोळी चालू आहे, नाव बघून सांगतो.